कॅल्शियमचा निचरा

भातकुली तालुक्यात पावसाळ्याच्या उत्तरार्धात कपाशी, सोयाबीन आणि तुरीवर जी फवारणी चालते, तिच्यातली बरीचशी औषधे किडीच्या चेतासंस्थेवर किंवा स्नायूंवर घाव घालतात. सायपरमेथ्रिन चेतातंतूवरची सोडियमची दारे वेळेवर मिटू देत नाही. एका आवेगाच्या जागी आवेगांची रांग सुटते. प्रोफेनोफॉस आणि मोनोक्रोटोफॉस ॲसिटिलकोलीन तोडणारे विकर बंद पाडतात. पोचलेला संदेश पुसला जायला हवा, तो पुसला जात नाही. कोराजनमधले क्लोरँट्रानिलीप्रोल अळीच्या स्नायूपेशीतल्या कॅल्शियमच्या साठ्याचे दार उघडे ठेवते. साठा रिता होतो, स्नायू आखडतो, अळी खाणे सोडते. औषधांचे गट तीन, त्यांच्या जागाही तीन, पण बिघाड एकाच जातीचा: सुरू झालेली क्रिया थांबत नाही. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा चेतासंस्थेत ‘थांबणे’ किती मोलाचे असते, हे वऱ्हाडाने फार कठोर रीतीने पाहिले.

हा लेख त्या विषांचा नाही. थांबण्याच्या अशाच एका, पण निरोगी क्रियेचा आहे. चेतातंतूच्या टोकात प्रत्येक आवेगाबरोबर कॅल्शियम आत शिरते आणि संदेश सुटतो. हे शालेय पुस्तकातही असते. आत शिरलेले कॅल्शियम पुढे कुठे जाते, किती वेळात जाते आणि कोण नेते, याला पुस्तकात फार तर अर्धी ओळ मिळते. माझ्या मते पुढच्या संदेशाचे बळ बऱ्याच अंशी त्या अर्ध्या ओळीत ठरते. गेल्या सत्तर वर्षांतले संशोधन हळूहळू तिकडेच सरकले आहे, आणि त्यात मुंबई-पुण्याचाही वाटा आहे.

आधी मूळ निरीक्षण. एका चेतातंतूला पाठोपाठ दोन सारखेच विजेचे ठोके दिले आणि मध्ये वीस-तीस मिलिसेकंदांचे अंतर ठेवले, तर अनेक चेतासंधींवर दुसऱ्या ठोक्याचे उत्तर पहिल्यापेक्षा मोठे येते, कधी दुप्पटही. हेच अंतर अर्ध्या सेकंदापर्यंत वाढवले की ही वाढ जवळपास मावळते. याला फॅसिलिटेशन म्हणतात; आपण सुलभीकरण म्हणू. तंतूवरून येणारा आवेग दोन्ही वेळा सारखाच असतो. फरक पडतो तो टोकाशी: रासायनिक संदेशद्रव्याने भरलेल्या पुटिका दुसऱ्या वेळी जास्त फुटतात. बेडकाच्या स्नायूसंधीवर होसे देल कास्तियो आणि बर्नार्ड काट्झ यांनी १९५४ साली हे पुटिकांच्या संख्येच्या हिशेबात दाखवले.

कारणाचा पहिला स्पष्ट प्रस्ताव काट्झ आणि रिकार्डो मिलेदी यांनी १९६८ साली मांडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी बारीक काचनळीतून, नेमक्या क्षणी, टोकापाशी कॅल्शियम सोडण्याची युक्ती वापरली. पहिल्या आवेगाच्या वेळी बाहेर कॅल्शियम हजर असेल, तर दुसऱ्याचे सुलभीकरण जोरदार होते. नसेल, तर ते उणावते. म्हणजे पहिल्या वेळी आत आलेल्या कॅल्शियमचा काही अंश दुसऱ्या आवेगापर्यंत उरतो आणि मदत करतो. ‘शिल्लक कॅल्शियम’ या नावाने ही कल्पना ओळखली जाऊ लागली. काट्झ यांना १९७० साली नोबेल मिळाले ते संदेशद्रव्याच्या एकूण कामासाठी, पण त्या कामातली ही छोटीशी शाखा पुढे फार फोफावली.

खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला ही कल्पना वेगळी समजावून सांगायला नको. पूर्णेच्या खोऱ्यातली ती चोपण काळी माती पाणी लवकर मुरू देत नाही. एक सर येऊन गेली आणि लगेच तेवढीच दुसरी आली, तर वावरात साचणारे पाणी दुसऱ्या सरीच्या मानाने भलतेच जास्त दिसते, कारण पहिलीचा निचरा झालेला नसतो. हलक्या, मुरमाड जमिनीत त्याच दोन सरी काहीच खूण ठेवत नाहीत. पाऊस तोच, फरक निचऱ्याचा. चेतासंधीतही काही टोके चोपण आहेत आणि काही मुरमाड. उपमा मात्र इथेच सोडावी लागते, कारण पुढचे गणित तिच्याने निभत नाही.

ते गणित असे. चेतातंतूच्या टोकाबाहेर कॅल्शियम एक मिलिमोलरहून थोडे जास्त असते. आत, विश्रांतीच्या वेळी, शंभर नॅनोमोलरहूनही कमी. दोन्ही बाजूंत दहा हजार पटींहून मोठा फरक. आवेग आला की कॅल्शियमची दारे मिलिसेकंदभरच उघडतात आणि दाराच्या तोंडाशी, काही दशक नॅनोमीटरच्या परिसरात, कॅल्शियम एकदम दहा-वीस किंवा त्याहून जास्त मायक्रोमोलरवर जाते. तिथेच ताटकळत असलेली पुटिका त्याच क्षणी फुटते. मग दारे मिटतात, ते शिखर पसरून विरते आणि सबंध टोकात काहीशे नॅनोमोलरची हलकी पातळी उरते. ती खाली यायला दहा-वीस ते काहीशे मिलिसेकंद लागतात. शिल्लक म्हणतात ती हीच.

फ्रेडरिक डॉज आणि रामी राहामिमॉफ यांनी १९६७ मध्ये दाखवले होते की संदेशद्रव्याची सुटका कॅल्शियमच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. त्यामुळे थोडे जास्त कॅल्शियम म्हणजे बरीच जास्त सुटका, आणि शिल्लक कॅल्शियमचा प्रस्ताव यावर आरामात उभा राहिला. पण आकडे घालून पाहा. शिखर पंचवीस मायक्रोमोलरचे आणि शिल्लक अर्ध्या मायक्रोमोलरची धरली, तर दोन्ही मिळून पहिल्या वेळेपेक्षा दोन टक्के जास्त होतात. १.०२ चा चौथा घात १.०८ च्या आसपास येतो. म्हणजे सुलभीकरण आठ टक्क्यांचे व्हायला हवे. प्रत्यक्षात ते दुप्पट दिसते. साध्या बेरजेने हिशेब जुळत नाही. या क्षेत्रातली नंतरची बहुतेक भांडणे या एका न जुळणाऱ्या बेरजेतून निघालेली आहेत.

शिल्लक कॅल्शियम खरोखरच कारण आहे की नुसते सोबती, हे ठरवायला ते एकाएकी नाहीसे करून पाहावे लागणार होते. हारुयुकी कामिया आणि रॉबर्ट झुकर यांनी १९९४ साली ते केले. झिंग्यासारख्या क्रेफिश या प्राण्याच्या स्नायूसंधीत त्यांनी डायाझो-२ नावाचे द्रव्य भरले. अतिनील प्रकाशाचा झोत पडला की ते कॅल्शियमला एकदम घट्ट धरणारे बनते. झोत टाकला, शिल्लक कॅल्शियम घसरले आणि सुलभीकरणही झटकन ओसरले. माझ्या दृष्टीने या विषयातला हा सर्वात स्वच्छ प्रयोग आहे. निचरा नैसर्गिक असो की कृत्रिम, तो लवकर झाला की सुलभीकरणही लवकर संपते, हे यानंतर वादाचे राहिले नाही. लहान मेंदूतल्या चेतासंधींवर अटलुरी आणि वेड रेगर यांनी १९९६ मध्ये बाहेरून कॅल्शियमधारक द्रव्य घालून हाच धडा सस्तन प्राण्यात दाखवला.

न जुळणारी बेरीज मात्र तशीच होती. तिला दोन उत्तरे पुढे आली आणि दोन्ही आपापल्या जागी खरी ठरली, असे आज म्हणता येते.

पहिले उत्तर: शिल्लक कॅल्शियमला वाचणारे वेगळे प्रथिन असावे, ज्याला थोडक्या कॅल्शियमचीही जाण आहे आणि जे ते सावकाश सोडते. पुटिका फोडणाऱ्या जलद प्रथिनाला काहीशे नॅनोमोलर कळतही नाहीत. या दुसऱ्याला कळतात. रेगर यांच्या हार्वर्डमधल्या गटाने, स्काइलर जॅकमन पहिले लेखक असलेल्या २०१६ च्या शोधनिबंधात, हे प्रथिन सिनॅप्टोटॅग्मिन-७ असल्याचे दाखवले. ते नसलेल्या उंदरांत अनेक चेतासंधींवरचे सुलभीकरण नाहीसे झाले. महत्त्वाचे हे की त्या टोकांत शिल्लक कॅल्शियम पूर्वीइतकेच होते आणि पहिल्या आवेगाची सुटकाही बदललेली नव्हती. तेव्हा कॅल्शियम नुसते उरून भागत नाही, ते वाचणारा लागतो. काट्झ-मिलेदींचा प्रस्ताव पन्नास वर्षांनी बरोबर ठरला, पण अपुराही ठरला.

दुसरे उत्तर टोकातल्या कॅल्शियमधारक प्रथिनांकडे बोट दाखवते. आत शिरलेल्या कॅल्शियमपैकी मोकळे असे फारच थोडे राहते. उंदराच्या मेंदूच्या देठात ‘कॅलिक्स ऑफ हेल्ड’ नावाचे अवाढव्य चेताटोक आहे. त्यात फ्रिट्झ हेल्मचेन, जेरार्ड बोर्स्ट आणि बर्ट झाकमान यांनी १९९७ मध्ये मोजले, तेव्हा मोकळ्या एका कणामागे सुमारे चाळीस कण बांधलेले निघाले. काही टोकांत तर कॅल्बिंडिन हे प्रथिन भरपूर असते. पहिला आवेग आला की त्याच्या जागा भरून जातात. दुसऱ्या वेळी आलेले कॅल्शियम पकडायला हात रिकामे नसतात आणि पुटिकेपाशी पोचणारे शिखरच उंच होते. २००३ साली हाइडलबर्गच्या गटाने कॅल्बिंडिनवाल्या टोकांत हे घडताना दाखवले. इथे बेरीज आपोआप जुळते, कारण वाढ तळाशी नाही, शिखरावर होते.

याच्या उलट पार्व्हाल्ब्युमिन. हे प्रथिन कॅल्शियमला सावकाश पकडते, त्यामुळे पहिल्या सुटकेत फारसे आड येत नाही, पण नंतर शिल्लक झपाट्याने शोषून घेते. लहान मेंदूतल्या काही टोकांत, जिथे एरवी दुसरे उत्तर पहिल्यापेक्षा लहान येते, तिथे पार्व्हाल्ब्युमिन नसलेल्या उंदरांत ते मोठे येऊ लागले, असे कैयार आणि सहकाऱ्यांनी २००० साली नोंदवले. एका प्रथिनाच्या असण्या-नसण्याने चेतासंधीचा स्वभावच उलटला. कॅल्शियम आत येण्याच्या बाजूला काहीही बदललेले नव्हते.

धारक प्रथिने कॅल्शियम नष्ट करीत नाहीत, तात्पुरते धरून ठेवतात. शेवटी ते बाहेर तरी काढावे लागते किंवा पेशीच्या पोटात साठवावे तरी लागते. बाहेर काढणारे दोन. पेशीपटलावरचा एटीपी-चलित पंप थोडक्या कॅल्शियमलाही ओळखतो, पण त्याची चाल संथ. एका एटीपीमागे एक आयन. सोडियम-कॅल्शियम विनिमयक तीन सोडियम आत घेऊन एक कॅल्शियम बाहेर टाकतो. त्याला कॅल्शियम जास्त असताना जोर येतो. आतले दोन म्हणजे आंतर्द्रव्यजालिकेवरचा सर्का पंप, जो एका एटीपीमागे दोन आयन साठ्यात ओढतो, आणि मायटोकाँड्रिया, जे लांबलचक आवेगमालिकेत कामाला लागतात.

कोणत्या टोकात कोणाचा वाटा मोठा, याचे एकच उत्तर नाही, आणि पाठ्यपुस्तकांतल्या सुबक आकृत्या हेच लपवतात. क्रेफिशच्या टोकांत लांब आवेगमालिकेनंतर मायटोकाँड्रिया शोषलेले कॅल्शियम मिनिटा-मिनिटांच्या अवधीत हळूहळू परत सोडतात. तेवढा वेळ चेतासंधी चढलेली राहते, असे टँग आणि झुकर यांनी १९९७ साली दाखवले. निचऱ्याचेच साधन नंतर झऱ्यासारखे पाझरते. फळमाशीच्या स्नायूसंधीत मायटोकाँड्रिया टोकापर्यंत पोचूच न देणाऱ्या उत्परिवर्तनांतही साधी सुटका बऱ्यापैकी चालली. जलद आणि लांबल्या मालिकेत मात्र ती कोसळली. उंदरांच्या स्मृतिकेंद्रात विनिमयकाचा एनसीएक्स-२ हा प्रकार काढून टाकल्यावर कॅल्शियम ओसरायला उशीर होऊ लागला आणि ते उंदीर शिकण्याच्या काही चाचण्यांत चक्क सरस ठरले. २००३ चा हा कोरियन गटाचा निष्कर्ष वृत्तपत्रांना आवडणारा आहे. पण निचरा मंदावणे म्हणजे बुद्धी वाढणे, असा अर्थ काढणाऱ्याने हेही लक्षात घ्यावे की कॅल्शियम फार वेळ चढलेले राहिले तर चेतापेशी मरतात.

सर्काच्या बाबतीत एक गोष्ट खास आपल्याकडची. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दिकी यांनी १९६२ साली रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. पुढे सिद्दिकी आणि सीमोर बेंझर यांनी तापमान वाढवताच लुळ्या पडणाऱ्या फळमाश्यांचा अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध केला. थंड असताना माशी ठीक, ऊब दिली की खाली पडते, पुन्हा थंड केली की उठते. म्हणजे एखादे प्रथिन आपल्या हुकमाने बंद-चालू करता येते. त्यातली शिबिरे आणि कोमाटोज ही उत्परिवर्तने पुढे चेतासंधीच्या अभ्यासात जगभर वापरली गेली. के. एस. कृष्णन यांनी कुलाब्याच्या त्याच संस्थेत ही परंपरा चालवली.

या परंपरेतूनच कुंभकर्ण आला. शुभब्रत सन्याल, मणि रामस्वामी, कृष्णन आणि सहकारी यांनी २००५ साली फळमाशीच्या सर्का जनुकातली तापसंवेदी उत्परिवर्तने वर्णन केली, त्यांचे हे नाव. माशीच्या चालक चेतातंतूच्या टोकात सर्का अडवला की कॅल्शियम साठ्यात ओढले जाण्याचा वेग मंदावतो. शिल्लक कॅल्शियमच्या सोप्या तर्काने पाहिले, तर निचरा मंद म्हणजे सुटका जास्त व्हायला हवी होती. मोजली तेव्हा आवेगाला मिळणारे उत्तर लहान निघाले. लेखकांनी त्याचा अर्थ असा लावला की साठ्यातून सुटणारे कॅल्शियमही संदेश सोडायला हातभार लावते. पंप बंद पडला तर साठा भरत नाही, आणि रित्या साठ्यातून द्यायला काही उरत नाही. निचरा करणारा पंप आणि पुरवठा करणारा साठा इथे एकाच यंत्राची दोन टोके आहेत. या विषयावर लिहिताना अनेक जण कुंभकर्णाला बगल देतात. माझ्या मते तो मधोमध ठेवायला हवा, कारण ‘निचरा’ या शब्दात ओतण्याचीच बाजू दिसते, भरण्याची दिसत नाही.

सस्तन प्राण्यांच्या मेंदूत याच मुद्द्यावर मोठा वाद झाला. नायजेल एम्प्टेज, क्रिस्टोफर रीड आणि ॲलन फाइन यांनी २००१ साली सांगितले की स्मृतिकेंद्रातल्या टोकांत साठ्यातले कॅल्शियम अडवले तर दोन ठोक्यांतले सुलभीकरण घटते. पुढच्याच वर्षी कार्टर, रेगर आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या कापांवर तशीच औषधे वापरून पाहिली आणि साठ्याचा काहीच वाटा आढळत नाही असे लिहिले. दोन्ही गट काळजीपूर्वक काम करणारे. पेशींची तयारी, वय, तापमान, औषधाचा डोस, यांपैकी कशामुळे फरक पडला यावर बराच खल झाला. २०१७ साली टिमथी रायन यांच्या गटाने वेगळीच खिडकी उघडली. त्यांनी अक्षतंतूच्या जालिकेच्या आतले कॅल्शियम थेट मोजले. आवेगांच्या वेळी जालिका कॅल्शियम ओकताना नव्हे, गिळताना दिसली. शिवाय तिच्या आतली पातळी घसरली की स्टिम-१ या प्रथिनामार्फत बाहेरून येणाऱ्या कॅल्शियमलाच लगाम बसत होता. म्हणजे साठा नुसता नळही नाही आणि नुसता खड्डाही नाही. तो आत येणाऱ्या मालावरही देखरेख करतो.

पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतले, म्हणजे आयसर पुण्यातले काम या टप्प्यावर येते. सुहिता नाडकर्णी यांनी निशांत सिंग, टॉम बार्टोल, हर्बर्ट लेव्हिन आणि टेरेन्स सेनोव्स्की यांच्यासोबत २०२१ साली ‘कम्युनिकेशन्स बायॉलॉजी’ या नियतकालिकात एक संगणकीय अभ्यास प्रसिद्ध केला. उंदराच्या स्मृतिकेंद्रातल्या खऱ्या चेतासंधींच्या आकृती सूक्ष्मदर्शकावरून पुन्हा रचून त्यांच्यासारखी टोके संगणकात उभी केली, त्यांत दारे, पंप, धारक प्रथिने आणि जालिका बसवली, आणि कॅल्शियमचे कण त्यांत सोडले. असले नक्कल-प्रयोग लागतात, कारण स्मृतिकेंद्रातले टोक इतके लहान असते की विश्रांतीच्या वेळी त्यात मोकळ्या कॅल्शियमचे कण बोटांवर मोजता येतील इतकेच सापडतात. सरासरीची समीकरणे तिथे लंगडी पडतात. प्रत्येक कणाची वाट दैवावर सोडूनच पाहावी लागते.

त्यांचा निष्कर्ष असा की जालिका नसेल तर या चेतासंधींचे ओळखीचे सुलभीकरण उभे राहत नाही. ज्या टोकांत पुटिका फुटण्याची शक्यता मुळात कमी असते, तीही जालिकेमुळे जास्त भरवशाने काम करतात. जालिका अडवल्यावर सुलभीकरण जसे घटते, तशीच घट अल्झायमरच्या प्राणी-नमुन्यांत पूर्वी नोंदली गेली आहे, याकडेही लेखकांनी लक्ष वेधले. प्रिसेनिलिन ही प्रथिने आनुवंशिक अल्झायमरशी जोडलेली आहेत, आणि ती टोकाच्या बाजूने काढली तर सुलभीकरण व साठ्यातली सुटका दोन्ही बिघडतात, हे २००९ सालीच दिसले होते. पुण्याचे हे काम मला पटते, पण एका मर्यादेसह. संगणकातल्या टोकात जालिका एका झटक्यात काढता येते. जिवंत टोकात तेवढ्या वेगाने आणि तेवढ्या नेमकेपणाने सर्का बंद करून त्याच टोकाची सुटका मोजणे, तेही शरीराच्या तापमानाला, अजून फार अवघड आहे. तोवर जालिकेला ‘बहुधा’ म्हणावे, ‘नक्की’ म्हणू नये.

तापमानाचा उल्लेख ओघात आला, तो थोडा लांबवतो. या विषयातले पुष्कळ आकडे बेडूक, क्रेफिश किंवा खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या मेंदूच्या कापांवरून आलेले आहेत. पंप हे विकरासारखे वागतात. ऊब वाढली की वेग वाढतो. २४ अंशांना शंभर मिलिसेकंद रेंगाळणारे कॅल्शियम ३७ अंशांना तेवढे रेंगाळत नाही. आकडा वाचताना शेजारचा अंशही वाचावा.

प्रयोगशाळेबाहेर हे ज्ञान रोज वापरले जाते, ते चेतातज्ज्ञाच्या खोलीत. स्नायूंचा अशक्तपणा घेऊन आलेल्या रुग्णाच्या नसेला सेकंदाला दोन-तीन या गतीने विजेचे ठोके देतात. ही गती मुद्दाम निवडलेली आहे. दोन ठोक्यांत तीनशे ते पाचशे मिलिसेकंद मिळतात. स्नायूसंधीच्या टोकातले शिल्लक कॅल्शियम शंभर-दोनशे मिलिसेकंदांत ओसरलेले असते, म्हणून सुलभीकरणाची झाकपाक होत नाही आणि तयार पुटिका कमी होत गेल्याचा परिणाम उघडा पडतो. मायस्थेनिया या आजारात उत्तर घसरत जाते ते असे. लॅम्बर्ट-ईटन आजारात उलट करायचे. तिथे शरीराच्याच प्रतिपिंडांनी कॅल्शियमची दारे कमी केलेली असतात, म्हणून पहिले उत्तर अगदी खुजे येते. रुग्णाला दहा सेकंद स्नायू जोरात आवळायला लावला, किंवा सेकंदाला वीस-पन्नास ठोके दिले, की निचरा व्हायच्या आत कॅल्शियम साचते आणि उत्तर दुपटीहून वर जाते. एकाच नसेवर ठोक्यांमधले अंतर बदलून दोन आजार वेगळे करता येतात. त्या यंत्राच्या पडद्यावर डॉक्टर पाहतात ती रेघ स्नायूच्या उत्तराची असते, पण तिच्या चढ-उतारात निचऱ्याच्या काळाचा हात असतो.

प्रसूतिकक्षातही दाराच्या बाजूचा असाच वापर आहे. झटके येणाऱ्या गर्भवतीला मॅग्नेशियम सल्फेट देतात. ते जास्त झाले तर टोकात शिरणाऱ्या कॅल्शियमच्या आड येते, म्हणून परिचारिका गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया तपासत राहतात आणि जवळ कॅल्शियम ग्लुकोनेटचे इंजेक्शन तयार ठेवतात. आपल्याकडच्या लाल विंचवाच्या विषातून १९९० साली वेगळे केलेले आयबेरिओटॉक्सिनही चेतासंधीच्या अभ्यासात उपयोगी पडले. आत साचलेल्या कॅल्शियमने उघडणारी पोटॅशियमची दारे ते अडवते. ही दारे आवेग आवरता घेतात आणि कॅल्शियमची पुढची आवक थोपवतात. विंचूदंशाने माणूस दगावतो तो मुख्यतः विषातल्या दुसऱ्या घटकांमुळे. 

आता सर्वात मोहक आणि सर्वात कच्च्या दाव्याकडे. जानलुइजी मोंजिलो, ओम्री बराक आणि मिशा त्सोडिक्स यांनी २००८ साली मांडले की फोन नंबर काही क्षण डोक्यात धरून ठेवणे, म्हणजे कार्यस्मृती, चेतापेशींनी सतत धडधडत राहण्याने साधत नसेल. सुलभीकरण झालेल्या चेतासंधीच ती आठवण शांतपणे बाळगत असतील. मेंदूच्या पुढच्या भागात सुलभीकरण होणाऱ्या चेतासंधी खरोखर सापडल्या आहेत. अडचण वेळेची आहे. त्यांच्या प्रतिमानात सुलभीकरण दीड सेकंद टिकते असे धरले होते. बहुतेक टोकांतले शिल्लक कॅल्शियम त्याच्या कितीतरी आधी ओसरते. सिनॅप्टोटॅग्मिन-७ कॅल्शियम सावकाश सोडते, त्यामुळे काही वेळ वाढून मिळेल. मायटोकाँड्रिया परत सोडतात, त्यामुळेही मिळेल. तरी माणसाच्या मेंदूत हे घडते असे कोणी दाखवलेले नाही. कल्पना सुंदर आहे म्हणून तिला निष्कर्ष म्हणू नये.

या सगळ्यात औषधाच्या दुकानातल्या कॅल्शियमच्या गोळीचा काय संबंध, असे कोणी ना कोणी विचारतेच. संबंध नाही. रक्तातले कॅल्शियम शरीर अगदी अरुंद मर्यादेत राखते, आणि चेतातंतूच्या टोकात ते किती वेळ टिकेल हे पंप, विनिमयक, जालिका आणि धारक प्रथिने ठरवतात; गोळीने त्यांच्या चालीत फरक पडत नाही. डॉक्टरांनी हाडांसाठी लिहून दिली असेल तर ती जरूर घ्या. परीक्षेच्या दिवसांत मुलाची स्मरणशक्ती वाढेल म्हणून तिच्यावर पैसे घालवू नका.